मगदूम सर नंबर बदलत नाहीत

मगदूम सरांना दोन माणसं एकत्र दिसली की ते आधी त्यांच्यातलं अंतर बघतात. नमस्कार नंतर. मान तिरकी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा: ‘टेकलंय’ किंवा ‘नुसतं जवळ हाय’. तिसरा निकाल सहसा नाही. गॅदरिंगच्या फोटोसाठी आमच्या प्राचार्यांनी उपप्राचार्यांच्या खांद्यावर हात टाकला, तेव्हा मागच्या रांगेतून सर मोठ्यानं म्हणाले, ‘नुसतं जवळ हाय.’ त्या फोटोत सगळा स्टाफ हसताना दिसतो, प्राचार्य सोडून.

ही खोड त्यांना कामातून लागली. सर आणि मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात जैवरसायनशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात प्रथिनांच्या रचना तपासतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती सरळ राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळून तिचा गोळा होतो, आणि माळेत एकमेकांपासून फार लांब असलेले मणी शेजारी येऊन टेकतात. कुठला मणी कुठल्या मण्याला टेकलाय ते शोधायचं, म्हणजे ते प्रथिन कशानं टिकतं आणि कशानं बिघडतं ते कळतं. हे काम संगणकावर होतं, आणि घरी जाताना माणसानं ते संगणकातच ठेवून जावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

सर ते गावभर घेऊन हिंडतात. माळेत लागून असलेले दोन मणी जवळ असणारच, म्हणून त्यांचा संपर्क आम्ही मोजत नाही. हा नियम सरांनी स्टाफरूमला लावला. गणिताचे दोन सर कित्येक वर्षं शेजारी बसून एकाच डब्यात जेवायचे. सर त्यांच्याकडे बघून मला म्हणाले, ‘खुर्ची शेजारी हाय म्हणून जेवत्यात. त्यो मोजायचा न्हाय.’ सरांचा आवाज तालमीतला, त्यामुळे मला सांगितलेलं त्या दोघांनाही ऐकू गेलं. पुढचा आठवडा दोघं वेगवेगळ्या टेबलांवर जेवले आणि समजूत घालायला मला जावं लागलं.

माझ्या भावाच्या लग्नाला सर जयसिंगपूरला आले होते. मण्यांचं आणखी एक असतं. दोन मणी नको इतके जवळ आले तरी ते चुकीचंच, कारण एका जागेत दोघं मावत नाहीत. माझे दोन मामा मांडवात गळ्यात गळा घालून उभे होते. सरांनी मान तिरकी केली आणि मला बाजूला घेऊन बजावलं की हे दोघं फार जवळ आलेत, ह्यांना लांब लांब बसवा. मी दुर्लक्ष केलं. वरातीच्या गाडीत पुढं कोण बसणार यावरून संध्याकाळी मामांची अशी जुंपली की अजून बोलणं नाही. भांडणाचं मला काही वाटलं नाही, ते आमच्यात होतंच. सरांचं खरं ठरलं, ह्याचा मात्र संताप आला. सर दिवस मावळायच्या आत जेवून निघून गेले होते, त्यामुळे तो त्यांच्यावर काढताही आला नाही.

खरा छळ प्रयोगशाळेत. सगळ्या संपर्कांची यादी संगणक आम्हाला चहा येईपर्यंत काढून देतो. सरांना ती चालत नाही. ‘मशीन म्हणतंय म्हणून टेकलंय व्हय?’ असं म्हणून ते एकेक जोडी पडद्यावर घेतात आणि प्रथिन गोल गोल फिरवत बसतात. प्रथिन डावीकडे कललं की सर डावीकडे कलतात, आणि मागं उभी असलेली एमएस्सीची पोरं त्यांच्याबरोबर कलतात. दारातून बघणाऱ्याला बोटीत आल्यासारखं वाटावं. असे आठवडेच्या आठवडे गेले आणि मी दात-ओठ खात बसले.

कारण मला घाई होती. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचा पगार. कॉलेजात कायम जागा निघाली होती, मुलाखत तोंडावर आली होती, आणि त्याआधी आमचा शोधनिबंध छापायला मंजूर झाला तर माझं पारडं जड होणार होतं. अशी जागा आमच्याकडे पुन्हा कधी निघेल ते देव जाणे. निबंध काकवीत सापडलेल्या एका जिवाणूच्या प्रथिनावर होता. परीक्षकांना तो आवडला होता. त्यांनी एकच बारीकशी दुरुस्ती सुचवली होती.

त्या प्रथिनाचा एक तुकडा चित्रात दिसत नाही. काही तुकडे सारखे हलत असतात, त्यामुळे रचना टिपताना ते उमटत नाहीत. म्हणून आमच्या तक्त्यात एकाहत्तर नंबरच्या मण्यानंतर एकदम त्र्याऐंशी येतो. परीक्षकांचं म्हणणं, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, तर दिसणाऱ्या मण्यांना सलग नंबर द्या, म्हणजे त्र्याऐंशीचा बहात्तर करा, आणि खाली तळटीप टाका. संगणकाला एक आज्ञा दिली की झालं असतं. फक्त सहलेखक म्हणून सरांची सही लागणार होती.

सर म्हणाले, न्हाय.

मी समजावलं. तळटिपेत सगळं खरं लिहू म्हटलं. नंबर बदलले तर हा तक्ता दुसऱ्या कुणाच्या कामाशी जुळणार नाही, हे मलाही कळत होतं, पण त्याच्यावरही तळटीप हा उपाय होता. विनवण्या केल्या, शेवटी आवाज चढवला. सर खिडकीबाहेर बघत होते. ‘त्र्याऐंशीला भात्तर म्हणायचं न्हाय, म्याडम. भात्तर नंबर दुसऱ्याचा हाय.’ एवढं बोलून ते तासाला गेले. न दिसणाऱ्या अकरा मण्यांसाठी माझी नोकरी जाणार, आणि त्या मण्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही, असं मनाशी म्हणत मी दोन दिवस धुमसत होते.

रविवारी मी तडक त्यांच्या घरी गेले. शिवाजी पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर ते राहतात. आज सही घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच जिना चढले. वर गेले तर बैठकीत पाहुणे. सरांच्या थोरल्या मुलीला बघायला जयसिंगपूरहून मंडळी आली होती. मी पाय मागं घेतला, पण वहिनींनी हाताला धरून आत नेलं, बिनकांद्याच्या पोह्यांची बशी हातात दिली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. बशी घेऊन भांडता येत नाही, म्हणून मी गप्प खात राहिले.

बोलणी चांगली चालली होती. मुलाचे वडील भले गृहस्थ दिसत होते. त्यांनी सहज विचारलं, मुलं किती तुम्हाला?

सर म्हणाले, ‘ही थोरली. आन् आत हाय ती तिसरी.’

मुलाचे वडील हसले. ‘आन् दुसरी कुटं हाय, पावणं?’

वहिनी पाण्याचे ग्लास गोळा करत होत्या. त्या तशाच आत गेल्या.

‘दुसरा मुलगा हुता,’ सर म्हणाले. ‘आठ म्हयन्याचा हुता. तापानं गेला.’

खालची गिरणी तेवढी चालू होती. मग मुलाच्या वडिलांनी, मनात काही वाईट नसताना, आपलं सावरून घ्यायला म्हटलं, ‘मग आता धाकटी ती दुसरीच म्हणायची की.’

मी सरांकडे बघितलं. मुलीचं लग्न ठरायचं होतं, समोर वरपक्ष बसला होता, आणि नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. ‘न्हाय,’ सर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, पहिल्यांदाच त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं. ‘दुसरा त्योच. ही तिसरीच हाय.’

मी बशी खाली ठेवली. मी ह्या माणसावर दोन दिवस मनातल्या मनात काय काय तोंडसुख घेतलं होतं ते आठवून कसंतरी झालं. आमची खोली एक, काम एक, रोजचा चहा एक, आणि मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

पाहुणे कळवतो म्हणून उठले. सर त्यांना खाली पोचवून वर आले आणि मी कशासाठी आले असणार ते त्यांना कळलं. टेबलावरचं पेन घेऊन ते माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘आणा तो सहीचा कागद. नंबर सलग करून टाका. तुमच्या नोकरीचं बगाय पायजे आदी.’

आतल्या खोलीतून धाकटी काहीतरी विचारत होती आणि वहिनी तिला उत्तर देत होत्या. सरांनी पेनाचं टोपण काढलं होतं. कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हटलं, सर, कागद मी घरीच विसरले.

घरी येऊन परीक्षकांना उत्तर लिहिलं. नंबर आहेत तेच राहतील, असं त्यात सरळ लिहून टाकलं. खाली कारणाचा रकाना होता, त्यात काय लिहावं ते मात्र लवकर सुचेना. शास्त्रीय कारणं बरीच होती आणि ती सगळी बरोबर होती. ती मी लिहिली आणि खोडली, आणि शेवटी एवढंच ठेवलं: तो भाग चित्रात दिसत नाही, पण तो ह्याच प्रथिनाचा आहे.

सोमवारी सरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि सही केली.