‘ॲट वन्स’ची तार आणि आईची डुलकी

तामलवाडीत इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि तो मी! त्यातही ‘ॲट वन्स’ हा माझा हुकमी एक्का. अर्थ, ताबडतोब. बायको गिरिजा तीन महिने सोलापूरला माहेरी रुसून बसली होती. तुळजापूरला जाऊन सासऱ्यांना तार ठोकली, ‘गिरिजाला पाठवा, ॲट वन्स!’

एकच विसरलो. आमच्याकडे हे शब्द तारेत येतात ते घरातलं कुणी गेलं तरच!

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे गुंडप्पा धरून वीस माणसं हंबरडा फोडत दारात हजर! तार धाडणारा मी, म्हणजे गेली ती माझी आईच, असं त्यांनी धरलं होतं. मागोमाग निजामाच्या करोडगिरी, म्हणजे जकात नाक्याचे जमादार खाजामियाँ, खांद्यावर बंदूक. रझाकारांचे दिवस ते. चार माणसं एकत्र दिसली की हवालात. मौत झालीय म्हणून त्यांनी या सगळ्यांना हद्द ओलांडू दिली होती.

“मय्यत कुठंय?” जमादारांनी विचारलं.

मयत दाखवली नाही तर सगळे कोठडीत, आणि सगळ्यात आधी मी!

तेवढ्यात सासूबाई आत घुसल्या आणि किंचाळल्या. आम्हा लिंगायतांत मयताला भिंतीशी टेकवून बसवतात. आणि आमची आई, पार्वतम्मा, जेवून, कपाळभर विभूती लावून, भिंतीला टेकून डुलकी काढत होती!

जमादारांनी मान खाली घातली. मी आईच्या गळ्यात पडून रडत कानात म्हटलं, “आई, डोळं उघडू नगं, न्हायतर म्या तुरुंगात!”

आईनं जन्मात माझं ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. श्वाससुद्धा रोखला. जमादार वळले, उंबऱ्यापर्यंत पोचले. माझा जीव भांड्यात पडणार, तोच सासूबाईंनी हुंदका दिला, “लई मोठ्या मनाची बाई! जरा खाष्ट व्हती, एवढंच!”

“कोण गं खाष्ट?” मयत गरजली.

“या अल्ला!” जमादार जे सुटले ते थेट नाक्यावर!

आम्ही कवाड लावून बसलो. आता फौजच येणार! आला तो एक गाडीवान, जमादारांचा निरोप घेऊन. “हम कुछ देखे नई. पन नाके की बही में बीस आये, बीसच वापस होना. फौरन!”

‘फौरन’ म्हणजे ‘ॲट वन्स’, मी सगळ्यांना अर्थ समजावून सांगितला. गिरिजानं बोचकं उचललं. सोलापूरहून आलेली विसावी तीच होती.