हर्षितचा हिर्षत, दर्शनाची दशर्ना

सलिल वैशंपायनने गेल्या दिवाळीत आपल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि तेव्हापासून तो माणसांत राहिला नाही. वागळे इस्टेटच्या ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कोणाच्या बारशाला, जिथे माणूस सापडेल तिथे गाठून तो सांगायचा, की ही संगणकप्रणाली कोणा कंपनीच्या मालकीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलीय, कोणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी, वाटावी. जेवताना हा विषय काढायचा नाही, असं बायकोने, कल्पिताने, त्याला बजावून ठेवलं होतं.

अशात ठाकुर्लीला त्याचे सासरे परशुराम भोईर यांच्या कॉम्प्युटरवर सूचना झळकली, की नवी विंडोज या मशीनवर चालणार नाही. परशुरामांनी ते फार मनाला लावून घेतलं. मशीन माझं, वीज माझी, आणि मला नाही म्हणणारा हा कोण, म्हणून ते आठवडाभर धुमसत होते. रविवारी सलिल पेनड्राइव्ह खिशात घालून हजर. किरकोळ काम आहे, म्हणाला. माझं मराठी चालेल ना, एवढंच सासऱ्यांनी विचारलं. सलिल नुसता हसला. बिरबलाला बेरीज येते का विचारावं, तसा.

आणि खरंच, सगळ्या फाइली बाजूला काढून त्याने लिनक्स चढवलं, तर मशीन चहा उकळायच्या आत सुरू व्हायला लागलं. परशुराम जावयाकडे पहिल्यांदाच कौतुकाने बघत होते. मग त्यांनी धाकट्या मुलाच्या, हर्षितच्या, लग्नाची पत्रिका उघडली. पडद्यावर मराठीचा मागमूस नव्हता. इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं वारूळ फुटल्यासारखी सैरावैरा पसरली होती. सलिलने समजावलं, की तुमचा जुना फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना लावलेला मराठी मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो.

"म्हणजे इतकी वर्षं मी इंग्लिश लिहीत आलेलो?" परशुराम म्हणाले. ज्या विषयाने दहावीत आपल्याला अडवलं, त्यात आपण एवढी मजल मारली, याचं त्यांना नवलच वाटलं.

सलिलने इंटरनेटवरून जुन्या फॉन्टचं खरं मराठी करणारा एक प्रोग्राम शोधला. गणपतीची ओळ अगदी बरोबर उतरली. कल्पिता म्हणाली, सगळं वाचून बघ. पण कौतुकाच्या भरात वाचतो कोण? पत्रिका भावकीच्या ग्रुपवर गेली, तिथून व्याह्यांकडे गेली.

आता रफार आणि पहिली वेलांटी या अशा फॉन्टमधल्या जन्माच्या वाट चुकणाऱ्या. पत्रिकेत हर्षितचा झाला हिर्षत आणि दर्शनाची झाली दशर्ना. भावकीला वाटलं, भोईरांनी अक्षरं जुळवून देणारा कोणी ज्योतिषी गाठलाय. तिकडे बाळकुमला मुलीचे वडील, विश्राम केणी, भडकले. लग्नाआधीच मुलीचं नाव बदललं, तेही न विचारता, आणि तेही असं! दर्शनाने तर नाव बदलायचं नाही हे हर्षितला आधीच सांगितलेलं. संध्याकाळपर्यंत लग्न राहतं की मोडतं, इथवर आलं.

परशुराम जावयाला घेऊन बाळकुमला धावले. तिथे सलिलने खुलासा सुरू केला तो मुळापासून. ही प्रणाली मुक्त आहे, इथे कोणाच्या परवानगीची गरज नसते, ज्याला हवा त्याने बदल करावा...

"असं होय?" विश्राम केणी उठून उभेच राहिले.

मग परशुरामांनी जावयाला हाताला धरून खाली बसवलं आणि भरल्या घरात शब्द दिला, की पोरीच्या नावातलं एक अक्षर बदलणार नाही.

"पूर्ण नावातलं?" आतून दर्शनाने विचारलं.

"पूर्ण," परशुराम म्हणाले. तेव्हा ती बाहेर आली, पत्रिका वाचून पोट धरून हसली आणि फोनवरच तिने सगळी नीट टाइप करून दिली.

लग्न थाटात झालं. नवी सून घरात आली, तांदळाचं ताट पुढे आलं. हर्षितने अंगठीने तांदळात नाव लिहिलं, दर्शना विश्राम केणी. बायका कुजबुजल्या. सगळ्यांच्या नजरा परशुरामांकडे वळल्या. त्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग बराच वेळ सलिलकडे, आणि दिलेल्या शब्दाला जागून टाळ्या वाजवल्या.

कल्पिता ते ताट एकटक न्याहाळत होती. परतताना रिक्षात, मानपाड्याच्या सिग्नलला, म्हणाली, "वैशंपायन लिहायला फारच लांब आहे, नाही? भोईर कसं सुटसुटीत होतं."

सलिलने पुढे होऊन रिक्षावाल्याला, रेडिओचा आवाज जरा वाढव, म्हणून सांगितलं.