पत्त्यावर आढळून न आलेले हंबीरराव

पासपोर्टचा अर्ज केलाय हे गल्लीत कुणाला सांगायचं नाही, असं हंबीररावांनी ठरवलं आणि तिथंच घात झाला.

ठरवण्यामागं कारण होतं. त्यांच्या मंगळवार पेठेत बातमी फुटली, की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. मागं शेजारच्या अमरसिंहानं दुबईच्या नोकरीसाठी नुसता इंटरव्ह्यू दिला, तर मंडळानं त्याचा कोटातला फोटो झळकवला. मागं उंच इमारत, खाली शुभेच्छुकांची दाटी. नोकरी मिळाली नाही. फ्लेक्स मात्र पावसाळाभर टिकला आणि तो फाटेपर्यंत बिचारा अमरसिंह मागच्या बोळातून ये-जा करत होता. आपल्याला बोळ वापरायची वेळ येऊ नये, एवढीच हंबीररावांची इच्छा. पासपोर्ट आधी हातात पडू दे, मग सांगू.

मामला तसा गंभीर होता. त्यांची एकुलती एक लेक वर्षाराणी राहायला मलेशियात आणि नोकरीला सिंगापुरात. सिंगापुरात घरभाडं परवडत नाही, म्हणून नवरा-बायकोनं खाडीच्या अलीकडं, जोहोरला घर घेतलेलं. रोज पहाटे उठायचं, पुलावर जायचं, एका देशातून बाहेर पडल्याची नोंद, दुसऱ्या देशात शिरल्याची नोंद, आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. बाकीचे लोक डबा विसरला म्हणून परत फिरतात; ही पासपोर्ट विसरला म्हणून परत फिरायची. आता तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. म्हणजे माहेरालाच लेकीकडं जावं लागणार होतं.

"पोट घिऊन रोज त्या पुलावर रांगंत हुबी ऱ्हातीया पोर," तानाबाई म्हणाल्या. "आणि पुलाच्या मधोमधच कळा सुरू झाल्या तर? पोरगं कुठल्या देशाचं म्हणायचं?"

दूध संघाच्या हापिसात आयुष्यभर फायली हलवलेल्या हंबीररावांकडं सगळ्या प्रश्नांची उत्तरं असायची. ह्याचंही एकच निघालं, अर्ज. त्यांनी त्याच आठवड्यात दोघांचे अर्ज भरले. (तानाबाईंनी एकटीनं जायची तयारी दाखवली होती. पण परक्या मुलखात इंग्रजी कोण बोलणार? हंबीररावांना 'पेंडिंग' आणि 'फॉरवर्डेड' हे दोन शब्द अस्खलित येत होते.)

आता गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे रुद्राप्पांचं. हे गृहस्थ राहतात निपाणीला. रोज सकाळी एसटीनं कर्नाटकातून महाराष्ट्रात येतात, संध्याकाळी महाराष्ट्रातून कर्नाटकात जातात. त्यामुळं हद्द ओलांडणं ह्या विषयात आपल्याएवढा अनुभव कुणाला नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत. वर्षाराणीची हकीकत ऐकून ते एवढंच म्हणाले होते, की पोरीला सांगा, खिडकीकडंची जागा धरायची आणि कंडक्टरशी ओळख ठेवायची.

तर एके दिवशी हंबीरराव लेकीसाठी जुना तांदूळ आणायला राधानगरीकडं गावाला गेले. तिकडं डोंगरात फोनला रेंज नाही. नेमका त्याच दिवशी पासपोर्टच्या चौकशीचा हवालदार गल्लीत आला आणि रुद्राप्पांच्या दुकानासमोर गाडी लावून त्यानं विचारलं, हंबीरराव कुठं राहतात?

इथं गल्लीचा एक नियम सांगायला हवा. फार पूर्वी फुटबॉलच्या मॅचनंतर दोन पेठांच्या पोरांत जुंपली होती. पोलीस नावं घेऊन गल्लीत आले, तेव्हा एक तरणाबांड गडी पुढं झाला आणि छाती काढून म्हणाला, ह्या नावाचं हितं कोण न्हाय. पोलीस गेले, पोरं वाचली. तेव्हापासून नियमच पडला: पोलिसानं नाव विचारलं, की तो माणूस गल्लीत नसतो. लहान पोरंसुद्धा पाळतात. आणि तो तरणाबांड गडी म्हणजे खुद्द हंबीरराव.

संध्याकाळी तांदळाचं पोतं घेऊन ते रिक्षातून उतरले, तर रुद्राप्पा एसटी चुकवून त्यांची वाट बघत थांबलेले.

"काळजी करू नका," रुद्राप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "पोलीस आलता. तुमचं नाव घिऊन. मी डोळं सुदिक हलवलो न्हाई. सांगिटलो, असला माणूस ह्या गल्लीत कधी बघितलो न्हाई. पुढं चार दारात इचारला त्यो. सगळी गल्ली एका तोंडानं बोलली बघा."

"रुद्राप्पा," हंबीरराव पोतं खाली ठेवत म्हणाले, "पासपोर्टचा होता त्यो."

रुद्राप्पांनी तराजूतला गूळ उगाच दोनदा खालीवर केला.

"मग आधी सांगायचं की."

"कुणाला सांगायचं न्हवतं."

"मग? मी बी कुणाला सांगिटलो न्हाई."

हंबीररावांनी पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि घर गाठलं.

गंमत अशी, की हवालदाराकडं त्याच पत्त्याचा दुसराही कागद होता, तानाबाईंचा. तानाबाई कुठं राहतात, असं विचारल्यावर रुद्राप्पांना वाटलं, बायकांसाठी काहीतरी सरकारी योजना आलेली दिसते, वहिनींचं नुकसान व्हायला नको. त्यांनी स्वतः दारापर्यंत नेऊन सोडलं. (बाईमाणसाला नियम लागू आहे की नाही, हे गल्लीनं कधी ठरवलंच नव्हतं.) तानाबाईंनी हवालदाराला चहा दिला, वर लेकीची सगळी हकीकत दिली. कागद बघून हवालदार खूश झाला आणि जाता जाता त्यानं सहज विचारलं, की मालक कुठं असतात?

तानाबाईंनी संसारभर जे उत्तर दिलं तेच दिलं. "ते घरात असत्यात व्हय कधी?"

थोड्या दिवसांनी तानाबाईंचा पासपोर्ट पोस्टानं घरी आला. हंबीररावांच्या नावानं मात्र पत्र आलं, की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचं आढळून आलेलं नाही.

ते ठाण्यात गेले. लाईट बिल नेलं, पाणीपट्टी नेली, लग्नातला फोटो नेला. फौजदारसाहेब शांत माणूस. त्यांनी अहवाल समोर ठेवला.

"गल्लीत विचारलं, तर तुम्हाला कुणी ओळखत नाही. घरात विचारलं, तर बायको म्हणते घरात नसतात. आता मी कुणाचं ऐकू?"

"माझं ऐका की सायेब. मी राहतोय तिथं."

"सगळे असंच म्हणतात," साहेब म्हणाले. पण त्यांना दया आली असावी. अर्ज परत पाठवा, पुन्हा चौकशी करू, असं त्यांनी सांगितलं.

हंबीररावांनी मग गल्ली जमवून मान खाली घालून सगळी गोष्ट उघड केली. गल्लीला फार वाईट वाटलं. आपल्या माणसाचं आपल्याच हातून नुकसान झालं. ह्याची भरपाई करायची, असं तरुण मंडळानं मनोमन ठरवलं, आणि मंडळानं मनोमन काही ठरवलं की त्याचा एकच अर्थ होतो.

इकडं वर्षाराणीचे दिवस भरत आले. थांबणं शक्य नव्हतं. जन्मात विमान न बघितलेल्या तानाबाई एकट्या निघाल्या. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, आणि डोंगरातून आणलेला तो तांदूळ, जो विमानाच्या वजनात बसेना म्हणून निम्मा हंबीररावांच्या हातात परत आला. मुंबईच्या विमानतळावर दारापाशीच हंबीररावांना अडवलं. तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. तानाबाई काचेच्या आत गेल्या. हिरवी साडी, खांद्याला पिशवी, पुढं कुणाला तरी काहीतरी विचारत. खिशात फोन वाजू लागला, अनोळखी नंबर. हंबीररावांनी बघितला आणि ठरवलं, साडी दिसतेय तोवर फोन उचलायचा नाही. साडी बराच वेळ दिसत होती. वळणाशी तानाबाई थांबल्या, मागं फिरल्या, आणि हातानं विचारलं, जेवलासा का? त्यांनी होय म्हणून मान हलवली. जेवले नव्हते.

फोन हवालदाराचा होता.

तो पुन्हा गल्लीत आला होता. चौकात त्याला भला थोरला फ्लेक्स दिसला: 'मंगळवार पेठेची शान, मा. हंबीरराव व सौ. तानाबाई यांना परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' मधे हंबीररावांचा फोटो, डोक्यावरून विमान चाललेलं, खाली शुभेच्छुकांत पहिलं नाव रुद्राप्पांचं. गल्ली ह्या वेळी एका तोंडानं खरं बोलली. व्हय की, हंबीरराव हितंच राहत्यात, जन्म गेला त्यांचा हितं. आत्ता कुठं हायत? आत्ता विमानतळावर.

हवालदारानं फ्लेक्सचा फोटो काढून घेतला, फायलीला जोडला आणि खाली पुन्हा तोच शेरा मारला: अर्जदार पत्त्यावर आढळून आला नाही.

कळा पुलावर सुरू झाल्या नाहीत, दवाखान्यातच झाल्या. मुलगी झाली. तानाबाईंनी पहिली अंघोळ घातली, धुरी दिली, आणि ओव्याच्या वासाची तक्रार घेऊन आलेल्या खालच्या मजल्यावरच्या बाईशी परक्या देशात मैत्रीही केली, इंग्रजीचा एकही शब्द न वापरता. हंबीरराव उरलेला तांदूळ शिजवून खात होते आणि मागच्या बोळातून ये-जा करत होते.

मग एका रविवारी व्हिडिओ कॉल आला. बारशाला सगळे कोल्हापूरला येणार होते. वर्षाराणीनं बाळाचा नवाकोरा पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. त्यात झोपलेल्या नातीचा फोटो होता, गाल फुगवलेला. हंबीररावांनी चष्मा चढवला आणि शेवटच्या पानावरचा पत्ता सावकाश वाचला. कायमचा पत्ता म्हणून लेकीनं माहेरचा दिला होता. घर नंबर तोच, गल्ली तीच, मंगळवार पेठ, कोल्हापूर.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा काढला. डोळे पुसत होते, असं शेजारी बसलेले रुद्राप्पा सांगतात. पण रुद्राप्पांच्या साक्षीवर आता कोण विश्वास ठेवणार.

पलीकडून तानाबाईंचा आवाज आला. "बघा. पोरगी अजून मान धरंना, पण पत्त्यावर राहतीया. शिका कायतरी."