परकारभाईंचं शांत घर

आमच्या ऑफिसातले परकारभाई पाच वेळा नमाज पढणारे, शब्दाला जागणारे गृहस्थ आहेत. पण कधी कधी सलग पंधरा मिनिटं ते कुणाच्याही सलामाला जवाब देत नाहीत. अशी पंधरा मिनिटं दिवसातून सात-आठदा येतात. जेद्दातल्या एखाद्या मोठ्या रस्त्याच्या कडेला तिपाई, तिच्यावर काळ्या स्पंजचा गोळा लावलेला आवाज मोजायचा मीटर, आणि शेजारी परकारभाई ओठांवर बोट ठेवून उभे. येणारा-जाणारा रीतीप्रमाणे सलाम करतो. जवाब दिला तर तो मीटरात जातो आणि मोजणी बाद होते. म्हणून भाई नुसत्या डोळ्यांनी गयावया करतात. मोजणी संपली रे संपली की राहिलेले जवाब पोचवायला पळत सुटतात. एकदा एका पोलिसाच्या गाडीमागे ते हात हलवत असे धावले की त्याने गाडी थांबवून आधी इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, मागितला. पुढचा अर्धा तास त्यात गेला, पण सलामाचा जवाब पोचला.

ते रत्नागिरीकडचे, मी साताऱ्याचा. मी रस्ते आखतो, आणि त्या रस्त्यांचा लोकांना किती जाच होईल ते भाई सांगतात. त्यामुळे आमचं नातं सासू-सुनेचं आहे. मोटारी किती, ट्रक किती, वेग काय, डांबर कुठलं, इमारती किती लांब, हे सगळं ते कॉम्प्युटरला भरवतात. मग पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो. गोंगाट जांभळा, शांतता हिरवी. त्यानंतर जागेवर जाऊन खरोखरीचा आवाज मोजायचा. दोन्ही आकडे जुळले की भाईंच्या चेहऱ्यावर ईदचा चंद्र दिसल्याचा आनंद.

"कानावर जाऊ नका, मोजून बोला," हे त्यांचं पालुपद. आमच्या मॅनेजरला ते पाठीमागे 'जड वाहन' म्हणतात. माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा त्यांना हौसेनं जेवायला बोलावलं, तर ते आमटीबद्दल अवाक्षर न काढता स्वयंपाकघरातल्या पंख्याचा आवाज किती वाईट आहे ते सांगून गेले.

अशा माणसाला नऊ वर्षांनी फॅमिली व्हिसा मिळाला. इतकी वर्षं इकाम्यावरचा हुद्दा नियमात बसत नव्हता, तो एकदाचा बदलला. मुलीचं लग्न होऊन गेलेलं, जुबेदाभाभी गावच्या घरी एकट्या. दोघांचा संसार म्हणजे वर्षाकाठी एक सुट्टी. आता भाभी कायमच्या येणार होत्या, पण एका अटीवर. जीव रमला तर राहीन, नाहीतर परत जाईन, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

भाईंनी ही अट फार मनावर घेतली. गावचं घर अगदी रस्त्याला लागून. बाईमाणसानं जन्मभर एस.टी.चे हॉर्न ऐकले, आता तरी तिला सुखाची झोप मिळाली पाहिजे, असं ते मला रोज ऐकवत. मग जागा बघणं सुरू झालं. प्रत्येक जागेत आधी तिपाई आत जाई, मग भाई. घरं दाखवणारा पेशावरचा दलाल खोलीच्या कोपऱ्यात श्वास रोखून उभा राही. सतराव्या घरात त्याचा धीर सुटला.

"भाईसाब, घर लेना है या रिकॉर्डिंग करनी है?"

त्याच्या या एका वाक्यानं ती मोजणी बाद झाली.

शेवटी भाईंनी अख्ख्या भागाचं मॉडेल बांधलं आणि शहराच्या उत्तर टोकाला एक हिरवा ठिपका हुडकून काढला. नवी इमारत, तीन बाजूंना मोकळे प्लॉट, चौथ्या बाजूला उंच भिंत. मोजून बघितलं तर आकडा तंतोतंत जुळला. त्या दिवशी त्यांनी ऑफिसात कुनाफ्याची मिठाई वाटली, जड वाहनालासुद्धा.

भाभी आल्या. अकराव्या दिवशी सुनंदा त्यांना भेटून आली. भाभी तिचा हात धरून म्हणाल्या होत्या, "वहिनी, तिकडं दारातनं एस.टी. जाते, मासळीवाली हाक मारते, रस्त्यानं जाणारा विचारतो, काय करतेस. इकडं दिवसभर माज्या बांगड्याच तेवड्या वाजतात. मी जाते परत."

ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं होतं. भाईंनी काय करावं? तीन दिवस मॉडेल तपासलं. त्यांना वाटलं, कुठला तरी आवाज नजरेतून सुटलाय आणि तोच भाभींना छळतोय. भिंतीची उंची पुन्हा भरली, एसीची घरघर पुन्हा मोजली. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मला वाटलं, आता काहीतरी आकडे दाखवणार.

"मी तिला विचारलंच नाय हो," ते म्हणाले. "नऊ वर्षं मी खोलीवर एकटा. मला वाटायचं, ती आली की शांतता मिळेल. पण ती शांतता मला हवी होती."

एरवी मी चेष्टा केली असती; मी माझा चहा त्यांच्यापुढे सरकवला. भाभींचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. त्या संध्याकाळी भाईंनी त्यांना पहिल्यांदाच विचारलं, तुला कसलं घर आवडेल.

या खेपेला घर भाभींनी पसंत केलं, आणि तेही एका तासात. मीटर ऑफिसातच राहिला होता. शुक्रवारी सुनंदा आणि मी चहाला गेलो, तर घर थेट सिग्नलवर, खाली तंदूरवाला, समोर शाळेचं फाटक. खालच्या मजल्यावर दापोलीची एक बाई राहते, हे भाभींना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तिकीट रद्द झालेलं.

भाभी खिडकीपाशी बसून तंदूरवाल्याचं कालचं भांडण सांगत होत्या. तेवढ्यात खाली एक ट्रेलर उभा राहून गुरगुरायला लागला. भाईंना काही ऐकू येईना. मी खिडकी लावायला उठलो, तर सुनंदानं मला हाताला धरून खाली बसवलं.

भाईंनी खुर्ची भाभींकडे सरकवली. तरी ऐकू येईना. मग ते उठून भाभींच्या शेजारीच, दिवाणावर, खांद्याला खांदा लावून बसले, आणि त्यांच्या तोंडापाशी कान नेऊन म्हणाले, "हां, आता सांग."