ताटाचा भरवसा

कुंदाताईंकडे चहा प्यायचा तर भिंतीकडे तोंड करून प्यावा लागतो. दोन खुर्च्या तशाच मांडून ठेवल्यात त्यांनी. कारण त्यांच्या मांजरीला, सुंदरीला, कुणी बघितलेलं चालत नाही. आमचे सेक्रेटरी एकदा तावातावाने भांडायला गेलेले, बिल्डिंगमध्ये मांजरं नकोत म्हणून. त्यांनाही कॅलेंडरकडे तोंड करून बसवलं. कॅलेंडरशी माणूस किती वेळ भांडणार? चहा पिऊन, एकादशी कधी आहे ते बघून परत आले.

डोंबिवली पूर्वेला आमची दारं समोरासमोर. ताईंनी लग्न केलं नाही. मानपाड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या. सुंदरी त्यांना जिन्याखाली सापडली. नाव सुंदरी, पण अर्धा कान गेलेला आणि चेहरा कायम भांडून आल्यासारखा. माणूस दिसला की पलंगाखाली. मी म्हटलं, "ताई, जरा मांडीवर घ्या, लळा लागेल." तर म्हणाल्या, "घाई कुणाला आहे? तिचं तिला ठरवू दे."

ठरवायला तिने आठ महिने घेतले. ताई रोज ताटलीत बांगड्याचा तुकडा ठेवून तिच्याकडे पाठ करून बसायच्या. ताटली आधी दारात होती, मग खोलीच्या मध्यावर, मग ताईंच्या गुडघ्यापाशी आली. एका सकाळी सुंदरीने हातातून तुकडा घेतला, तेव्हा ताईंनी मजलाभर शिरा वाटला. आमच्या मुलाच्या बारशालाही इतकं तूप पडलं नव्हतं शिऱ्यात.

आणि पंधरा दिवसांत सुंदरीच्या मानेला गळू झालं. लगेच घेऊन या, नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. मी झाकणाची टोपली घेऊन गेलो. म्हटलं, "सोपं आहे. आत बांगडा ठेवा. ती शिरली की मी झाकण लावतो."

"नाही. ताटापाशी दगा नाही."

"अहो, मांजर आहे ती. तिला काय कळतंय?"

"तिलाच कळतं."

डोकंच फिरलं माझं. बाईंनी ताटली उचलून ओट्यावर ठेवली, सुंदरीसमोर सरळ बसल्या, "सुंदरी, तुला धरतेय," म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी धरलं. पुढचं काय सांगू? कोपरापर्यंत ओरबाडलं तिने. सुंदरीला एक इंजेक्शन लागलं आणि ताईंना चार.

घरी आल्यावर सुंदरी पलंगाखाली गेली ती गेलीच. एक दिवस गेला, दुसरा गेला, ताटली तशीच. ताई बँडेजचे हात मांडीवर ठेवून जमिनीवर बसून. त्यांनाही घास जाईना. मला वाईट वाटत होतं, पण माझ्या जिभेला हाड नाही. "बांगडा दाखवून धरली असती तर हात तरी वाचले असते," मी बोलून गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध द्यायला गेलो, तर सुंदरी बाहेर आलेली आणि ताईंच्या बोटांतून मासा खात होती. ताई रडत होत्या, आवाज न करता, ती दचकेल म्हणून. मी दारातच थांबलो.

"मी सात वर्षांची होते," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही पाच बहिणी. आई म्हणाली, कल्याणला मामाकडे जेवायला जायचंय. मामीने श्रीखंड वाढलेलं. मी खात होते, तेवढ्यात आई मागच्या दाराने निघून गेली. मला तिथेच ठेवायचं ठरलेलं. माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं."

"मग आल्याच नाहीत?"

"यायची ना. दर सणाला यायची, काहीतरी करून आणायची. मी तिच्या हातचं खाल्लं नाही. शेवटपर्यंत नाही." त्यांनी दुसरा तुकडा पुढे केला. "हात धरून सांगितलं असतं, कुंदे, तुला इथे ठेवून चाललेय, तर मी रडले असते, तिला चावले असते. पण नंतर जेवले असते."