घोड्यावरचं इंग्रजी

पाणी पिऊन झालं की चांदचाचा डोक्यावरच्या लाल तुर्की टोपीकडे दोन बोटं न्यायचा आणि म्हणायचा, "मच ओब्लाइज, म्याम."

तुर्की टोपीला काठ नसतो. त्यामुळं ती बोटं कपाळापासून वीतभर पुढं, जिथं काठ असायला पाहिजे होता तिथं, हवेतच थांबायची. पाणी कुणी का दिलेलं असेना! आमच्या गल्लीतल्या भिस्त्याची दाढी पार छातीपर्यंत आलेली, पण त्यालाही म्याम. एकदा रस्त्यात चाचा ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्याला आणि वाकून ओढ्यालाही म्याम म्हणाला.

"चाचा, म्याम म्हंजे काय हो?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"पानी देनारं," चाचा म्हणाला. "लई सोपी भाषा हाय बे. तुमी लोक उगं भेता."

मी भीत होतो हे खरंच होतं. मी मूळ दिंद्रुडचा. निजाम सरकारच्या शाळेत उर्दू तिसरीपर्यंत गेलो. मास्तर उर्दूत विचारायचे, मला उत्तर मराठीत सुचायचं, आणि मधल्या मधे छडी बोलायची. तिसरी संपायच्या आत मीच शाळेला रामराम केला. पुढं मोमिनाबादेत आलो. मोमिनाबाद हे सरकारी कागदातलं नाव, बायाबापड्यांच्या तोंडी ते आंबेजोगाईच. तिथल्या कापसाच्या जिनात मी इंजनावर लागलो. इंजनाचं मला कळायचं. त्याला उर्दू-मराठी काही लागत नाही, नुसता कान लागतो.

माझ्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून चांदचाचाची खोली. वय पन्नाशीच्या पुढं, एकटा जीव. गावाबाहेरच्या मैदानात बोलपटाचा तंबू होता, तिथं चाचा मशीन चालवायचा. हिंदुस्थानी खेळ बदलत राहायचे. इंग्रजी खेळ मात्र एकच होता. तो मालकाकडं कुठून आला ते कुणाला माहीत नव्हतं आणि परत मागायला कुणी कधी आलं नाही. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, तो लागायचा. गावात त्याला 'घोड्याचा खेळ' म्हणत. त्यात एक टोपीवाला, एक मिशीवाला, दोघांकडं पिस्तुलं आणि बाकी सगळे घोडे. बाजाराला आलेली शेतकरी मंडळी घोडे बघायलाच यायची. टोपीवाल्याच्या जिवावर बेतलेलं असायचं आणि पुढच्या रांगेतून आवाज यायचा, "पांढरं जनावर मागच्या पायात लंगडतंय बघ. घिऊ नको म्हनावं."

या खेळाचं चौथं रीळ जळालं होतं. त्यामुळं टोपीवाला गुळगुळीत गालानं एका दारातून आत जायचा आणि लगेच हातभर दाढी वाढवून, एक हात झोळीत बांधून बाहेर यायचा.

"इंग्रजाची दाढी लौकर उगती," चाचा सांगायचा.

"आन हात कावून मोडला?"

"येवढी दाढी येकदम आल्यावर मानूस पडनार न्हाई तं काय!"

असा हा खेळ चाचानं आठ-दहा वर्षं चालवला आणि त्यातून इंग्रजी शिकला. त्याची पद्धत साधी होती. "तोंड बघू नको बे," तो म्हणायचा. "तोंडातून कायबी निघतंय. त्याच्यामागून पडद्यावर काय होतं ते बघ. त्योच अर्थ."

या पद्धतीनं 'ईझीबॉय' म्हणजे घोडा. टोपीवाला घोड्याच्या मानेवर थाप मारून दर वेळी तेच म्हणायचा, त्यामुळं शंकेला जागाच नव्हती. घोडी असली तर 'ईझीगर्ल' हे चाचानं स्वतःच्या हुशारीवर बसवलं. टांग्याच्या अड्ड्यावर हे शब्द असे रुजले की टांगेवाले "माझं ईझीबॉय दोन दिस चारा खाईना" अशी तक्रार घेऊन गुरांच्या सरकारी दवाखान्यात जायचे. खेळातला म्हातारा दुकानदार उत्तर सुचलं नाही की "आय रेकन" म्हणून पचकन थुंकायचा. चाचाही पानाची पिंक टाकण्याआधी न चुकता "आय रेकन" म्हणायचा. टोपीवाला "स्टँड ब्याक" म्हणाला की पाठोपाठ धाडकन गोळी सुटून कुलूप फुटायचं. तेव्हा 'स्टँड ब्याक' म्हणजे 'आता फुटणार'. चाचाचं दूध उतू जायला लागलं की ही आरोळी भिंतीपलीकडून मला ऐकू यायची.

"आन गाढवाला काय म्हनत्यात, चाचा?"

"खेळात गाढव न्हाई. म्हंजे इंग्रजीत गाढव नसतं." मग माझ्याकडं बघून, "तुला इंग्रजीत काय म्हनतील त्याचाच इचार करतोय मी."

एका शब्दाला मात्र त्याच्या घरात बंदी होती. एकदा कामावर निघताना मी ऐटीत म्हणालो, "सो लाँग, चाचा!" खेळात ऐकलं होतं, म्हणून म्हणालो. त्यासरशी चाचाच्या हातातला पाना कानाजवळून सूं करत गेला आणि दाराला लागला.

"जित्या मानसाला म्हनतोस व्हय बे!"

मग त्यानंच अर्थ सांगितला. खेळाच्या शेवटी टोपीवाल्याचा दोस्त मरतो. टोपीवाला त्याच्यावर दगड रचतो, टोपी काढतो आणि म्हणतो, सो लाँग. "सो म्हंजे सो. झोप. लाँग म्हंजे लांब. लाँगकोट म्हनत न्हाईस का? लांब झोप. मुर्द्याला म्हनायचं असतं ते. मी जिंदगीत येकदाच म्हनलोय. तू परत तोंडातून काडू नको."

मी पाना किती जवळून गेला ते कान चाचपून बघत होतो, त्यामुळं कुणाला म्हणाला ते विचारायचं राहून गेलं.

त्याच साली जिनात नवं इंजन बसवायला कराचीहून एक गोरा साहेब यायचं ठरलं. जाताना तो इथला एक फिटर कराचीच्या कारखान्यात घेऊन जाणार होता. अट एकच, इंग्रजी समजलं पाहिजे. जिनात माझ्या डोक्यावर तीन माणसं होती, तिघांचेही पोरगे फिटर व्हायला टपलेले, म्हणजे मी जन्मभर तेलाची बुदली घेऊन फिरणार हे ठरलेलंच. कराची म्हणजे सुटका. पण समोर जिनातलाच वामनराव उभा होता, मॅट्रिक झालेला. तो झोपेतसुद्धा व्याकरणानं घोरायचा.

"मॅट्रिकनं काय होतं!" चाचा म्हणाला. "त्यानं कधी घोड्यावरचं इंग्रजी ऐकलंय का?"

पुढचे चार मंगळवार चाचानं मला मशीनच्या कोठडीत स्वतःशेजारी बसवलं. आत भट्टीसारखा उकाडा. एखादा शब्द मला पकडता आला नाही की चाचा खेळ थांबवून तेच रीळ पुन्हा लावायचा. तंबूत बोंबाबोंब व्हायची.

"आरं, त्यो मिशीवाला आत्ताच मेलता ना?"

"नीट मेला न्हवता," चाचा कोठडीतून ओरडायचा. "परत मारायचाय."

मालकानं दोनदा तंबी दिली. चाचानं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या मंगळवारी मिशीवाल्याला तीनदा मारलं. माझ्यासाठी आजवर कुणी एवढे खून केलेले नाहीत.

साहेब आला. उंच, लालबुंद, तोंडात चिरूट. इंजन बसलं आणि चाचणीच्या दिवशी त्यानं आम्हा दोघांना पुढं बोलावलं. वामनराव कोट घालून आला होता. मी आपला तेलाची बुदली घेऊन.

मी चाक फिरवायला जोर लावला. साहेब ओरडला, "ईझी, बॉय! ईझी!"

मी चाक सोडून मागं बघितलं. घोडा कुठं दिसेना. साहेबानं हाताच्या खुणेनं 'हळू, हळू' केलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ अंधार. एक शब्द चुकला, म्हणजे सगळेच चुकलेले असणार! गेली कराची. पण आता दुसरी भाषा कुठून आणू?

इंजन सुरू झालं. पट्टा फिरायला लागला. माझ्या कानाला पट्ट्याचा आवाज खटकला, तेवढ्यात साहेबही ओरडला, "स्टँड ब्याक!"

वामनराव "येस, सर?" म्हणत अदबीनं एक पाऊल पुढं गेला. मी विचार केला नाही. चाचाच्या कोठडीत चार मंगळवार या शब्दामागून काय होतं ते बघितलं होतं. वामनरावाची कॉलर धरली, त्याला खाली पाडलं आणि त्याच्या अंगावर पडून दोन्ही कान झाकून घेतले. फाडकन पट्टा तुटला आणि वामनराव उभा होता त्या जागेवरून जाऊन खांबावर असा बसला की लाकडाची ढलपी उडाली.

साहेबानं इंजन बंद केलं. आम्हाला उठवलं, आणि माझ्याकडं बघून बरंच काही विचारलं. त्यातला 'इंग्लिश' एवढाच शब्द मला लागला. उत्तर सुचेना. मग उत्तर सुचत नसताना जे म्हणायचं असतं ते मी म्हणालो, "आय रेकन." आणि अर्धवट काम बरं नव्हे म्हणून थुंकलो.

साहेब तेलाच्या डब्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्यानं वहीत माझं नाव लिहून घेतलं.

माझा आनंद मात्र पाव तासच टिकला. मोटारीत बसताना साहेबानं टोपी उचलली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "सो लाँग!"

एक तर साहेब मरणार होता, नाही तर मी. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला साहेब चिरूट ओढत जिवंत हजर. मी वामनरावाला गाठलं. कालपासून तो माझ्याशी भावासारखं वागत होता.

"अरे वेड्या," तो म्हणाला, "निघताना म्हणतात तसं. आपण नाही का 'येतो' म्हणत? तेच."

मी तसाच उड्या मारत चाचाकडं गेलो. तो मशीनचं भिंग मलमलीच्या फडक्यानं पुसत बसला होता.

"चाचा, नौकरी मिळाली! आन तुमची डिक्शनरी बुडाली! ईझीबॉय म्हंजे घोडा न्हाई, हळू!"

"तुझ्या साहेबाला घोडं म्हाईत नसंल."

"आन सो लाँग मुर्द्याला म्हनत न्हाईत. साहेब मला म्हनला काल. सो लाँग म्हंजे नुस्तं 'येतो'!"

चाचाचं फडकं थांबलं.

"कोन म्हनलं?"

"मॅट्रिकवाला वामनराव."

"आन साहेब परत आलता?"

"आला की. नऊ वाजता."

"पक्कं?"

"आवो, मी डोळ्यानं बघितला."

चाचानं भिंग खाली ठेवलं. मी पान्याकडं एक नजर ठेवून उभा होतो.

"माझी घरवाली रबिया गेली तवा मी खेळ घिऊन परळीला गेलतो," तो म्हणाला. "आलो तर मातीपन झालती. समदे फातेहा पढून गेले. मी येकटाच ऱ्हायलो. कायतरी बोलावं वाटलं. आपल्या बोलीत बोलाय गेलो तर गळा भरून याया लागला. मंग इंग्रजीत म्हनलो. सो लाँग. मला वाटलं, निवांत झोप म्हनतोय मी तिला." तो थांबला. "म्हंजे मी तिला 'येतो' म्हनलो?"

मी मान हलवली.

"आट साल झाले बे. ती तिकडं वाट बघत बसली आसंल." मग त्यानं टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली. "लई कावली आसंल माझ्यावर. तशीबी कावायचीच." आणि जरा वेळानं, अगदी हळू, "खोटं न्हाई बोललो पर. जायाचं तं हायेच."

मी निघालो त्या दिवशी दुपारच्या मोटारीवर चाचा मला पोचवायला आला. सोबत पाण्याचा तांब्या होता. मी पाणी प्यालो, हवेत दोन बोटं नेली आणि म्हणालो, "मच ओब्लाइज, म्याम." आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही. इतक्या उपकारांना माझ्याकडं दुसरा शब्द नव्हता, आणि तो पाण्याचा नसून उपकाराचाच आहे हे मला एव्हाना कळलं होतं.

"आता म्हन," चाचा म्हणाला.

"काय?"

"त्येच. निगताना म्हनत्यात ते."

"सो लाँग, चाचा."

"जोरात म्हन बे. मोटार वरडती."

मी ओरडून म्हणालो. पाना आला नाही. धुळीतून मागं बघितलं तर चाचा एक हात कानामागं धरून उभा होता.

याला आता दोन वर्षं झाली. कराचीत मला इंग्रजी बरंच कळतं, तरी साहेब काही बोलला की अर्थ दोनदा विचारून घेतो. रजेचा अर्ज तीनदा केला, तीनदा परत आला. संध्याकाळी भोंगा झाला की इथले साहेब एकमेकांना सहज सो लाँग म्हणून निघतात आणि सकाळी परत येतात. मी मात्र अजून परत गेलेलो नाही. चाचाच्या डिक्शनरीत शब्दाचा अर्थ म्हणजे त्याच्यामागून पडद्यावर जे होतं ते. मी मोटारीतून ओरडून म्हणालो, सो लाँग. त्याच्यामागून काय होतं ते बघायला तो अजून बसलेला असेल.