आप्पा शाळा तपासतात

सोनवणे आप्पा कुठल्याही शाळेत गेले की आधी मुतारीत जायचे. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बरोबरचे आईबाप ताटकळत उभे असायचे, शिपाई ‘बसा’ म्हणायचा आणि आप्पा मात्र ‘तुम्ही व्हा म्होरं, मी आऊटगोइंग बघून येतो’ म्हणत इमारतीच्या मागं गायब झालेले असायचे. परत यायचे ते पाण्याच्या टाकीवर चढून, झाकण उघडून आणि आत डोकावून.

“सिस्टर, शाळा तपासायची सोपी रीत हाय,” ते मला समजावून सांगायचे. “पानी म्हंजी इनकमिंग. मुतारी म्हंजी आऊटगोइंग. दोन्ही ओके, तर शाळा ओके. मधलं काय ते मास्तर लोक बघत्यात.”

आप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे क्यूसीला होते. मशीनवरून आलेले लोखंडी तुकडे दिवसभर मोजायचे आणि पास किंवा नापास करायचे, हे त्यांचं काम. मी शिरूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून आमच्या आळीला मी ‘सिस्टर’. आमची दारं समोरासमोर. त्यामुळे कारखान्याची बस त्यांना सोडून गेली की अर्ध्या तासात ते काय काय नापास करतात, ते मला घरबसल्या ऐकू यायचं. आमटी नापास, दूध नापास, नगरपालिकेचा नवा दिवा तर पहिल्याच दिवशी नापास.

त्या काळात आमच्या आळीला शाळांनी झपाटलं होतं. पूर्वी पोरगं चौथी झालं की जवळच्या हायस्कुलात जायचं आणि विषय संपायचा. आता एकदम चार वाटा फुटल्या होत्या. गावातल्या हायस्कुलात सेमी-इंग्रजी तुकडी निघाली होती. दौंडला टेक्निकलचे वर्ग होते. लांब डोंगराकडं सैनिकी शाळा होती. आणि न्हावऱ्याच्या पुढं, दौंडच्या वाटेवर, सरकारी निवासी शाळा होती. तिथं पाचवीत परीक्षा द्यायची, पास झालं की सहावीपासून राहणं-जेवण-शिक्षण सगळं सरकारचं. संध्याकाळी नळावर बायका आणि पानटपरीवर पुरुष या चार शाळांची अशी तुलना करायचे, की लग्नाची स्थळंसुद्धा कुणी इतकी पारखून घेत नसेल.

या वादात आप्पांचा शब्द शेवटचा. कारण बाकीचे ऐकीव बोलायचे आणि आप्पा जाऊन बघून यायचे. त्यांचे निकाल आळीभर पाठ होते. सैनिकी शाळा : “घोडे दोन, पोरं दोनशे. पोराच्या वाट्याला घोड्याचं शेपूट बी येत न्हाई.” टेक्निकल : “लेथ मशीन हाय, पन त्याच्यावर चादर. सायेब आले की चादर काढत्यात, गेले की घालत्यात.” सेमी-इंग्रजी : “गणित इंग्रजीत आन् मार मराठीत.”

निवासी शाळेबद्दल मात्र आप्पांचं काही कळायचं नाही. कुणी विचारलं की चेहरा खुलायचा. “आधी बघून तर या! मी येतो संगं. गुरुवारी सुट्टीच असती मला.” मग गुरुवारी सकाळच्या एसटीनं त्या आईबापांना घेऊन निघायचे. वाटेत शाळेची कोण तारीफ! आणि येताना, तीच शाळा, तेच आप्पा : “नगा टाकू हितं पोरगं. रिजेक्ट.”

“अहो, पण तुमची प्रज्ञा तिथंच आहे ना?”

“ती आधीच्या लॉटमधी गेली,” म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक. त्याच जूनमध्ये ती निवासी शाळेत गेली होती. तालुक्यातून निवडलेल्या मुलांत तिचं नाव आलं तेव्हा आप्पांनी आख्ख्या आळीला पेढे वाटले होते, तेही चाखून पास केलेले. शाळेत महिन्याच्या शेवटच्या रविवारी आईबापांना भेटायला सोडायचे. पण त्या रविवारी शोभावहिनी, म्हणजे आप्पांची बायको, एकट्याच जायच्या. आप्पा कामावर रजा टाकूनही ओट्यावर बसून सायकल पुसायचे. मला त्या माणसाचा रागच यायचा. दर गुरुवारी दुसऱ्यांच्या पोरांसाठी त्या शाळेत जातो, आणि स्वतःच्या पोरीला भेटायचं तर सायकल?

एकदा वहिनींना विचारलंच. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, “पहिल्या भेटीला आम्ही दोघं गेलो व्हतो. पोरगी रडली न्हाई हो. ह्यांनीच चिवड्याचा डबा तिच्या हातात दिला आन् असा हंबरडा फोडला, की सगळ्या पोरी गोळा झाल्या. ‘प्रज्ञाचे वडील रडूबाई’ म्हणून हसल्या. पोरगी बिचारी कानकोंडी झाली. म्हनली, आप्पा, तुम्ही नका येत जाऊ, आईलाच पाठवा. तवापासून गेलं न्हाईत.”

माझी मुक्ता पाचवीत होती. भाद्रपद संपत आला, परीक्षेचे फॉर्म निघाले आणि मीही आप्पांना म्हटलं, येत्या गुरुवारी मला शाळा दाखवा. आप्पा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले.

गेटवर रखवालदारानं त्यांना बघून कपाळाला हात लावला. “आले का क्यूसीवाले!” आप्पांनी लक्ष दिलं नाही. आऊटगोइंग झालं, टाकी झाली, प्राचार्यांनी मला दहा मिनिटं शाळेची माहिती दिली. बरोबर जेवणाची घंटा झाली तसे आप्पा भोजनगृहाच्या दाराशी हजर. खिशातून त्यांनी व्हर्नियर काढलं. हे कारखान्यात सुट्या भागांची जाडी मोजायचं पोलादी माप. ते त्यांनी टोपलीतल्या पोळीला लावलं. “मधी तीन, कडंला पाच. कच्ची ऱ्हायली.” आचारी मुकाट्यानं उभा होता. पहिल्या वेळी त्याला वाटलं होतं, हे शिक्षण खात्याचे साहेब आहेत, आणि त्यानं पोळीला तूप लावून दिलं होतं.

मी हसू दाबत होते. तेवढ्यात मुलींची रांग आली आणि आप्पा झटकन खांबाआड झाले. माप तसंच हातात. त्यांची नजर रांगेतल्या पहिल्या मुलीवर गेली, मग दुसरीवर, मग तिसरीवर. एकेकीवर थांबायची, पुढं सरकायची. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस आजवर एकाही आईबापाला शाळा दाखवायला आला नव्हता. इतके दिवस मी याच्यावर चिडत होते.

“आप्पा, दिसली का?” मी हळूच विचारलं.

ते दचकले. मग खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही. “न्हाई सिस्टर. श्रावणात उवा झाल्या म्हणून सगळ्या पोरींचे केस बारीक केलेत. एक फ्रॉक, एक केस, ताटावर सगळ्यांच्या माना खाली. कंपनीत असा एकसारखा माल आला की मी डोळे झाकून पास करतो. आन् हितं चार गुरुवार झाले, मला माझी सापडंना.”

एवढं बोलून ते तडक टाकीकडं निघून गेले. टाकी मघाशीच बघून झाली होती.

मी नळापाशी थांबले. मुली ताटं धूत होत्या. त्यातली एक माझ्या शेजारी येऊन ताट घासत राहिली, वर न बघता.

“काकू, मुक्ता कशी आहे?”

मी बघतच राहिले. डोक्यावर बोटभर केस, गाल जरा आत गेलेले. आवाज मात्र समोरच्या दारातला.

“प्रज्ञा! अगं, आप्पा आलेत. ते बघ तिकडं—”

“माहितीये. दर गुरुवारी येतात.” तिनं घाईनं इकडंतिकडं बघितलं. “त्यांना सांगू नका हं मी बघितलं ते. लाजतील, आणि यायचे बंद होतील. मीच म्हणाले होते ना येऊ नका. आता या म्हणायचं तर ते परत रडतील सगळ्यांसमोर.” ती थांबली. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती घासतच होती. “मी गुरुवारी शेवटच्या खिडकीत बसते. बाई ओरडतात, तिथं ऊन येतं म्हणून. पण तिथून मी त्यांना दिसत असेन ना?”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेवढ्यात शिट्टी झाली आणि ती पळाली.

परतीच्या एसटीत आप्पा नेहमीप्रमाणे सुरू झाले. “तर सिस्टर, आपल्या मुक्ताला हितं नगा टाकू. शाळा चांगली हाय, पानी चांगलं हाय. पन घर लई मोठं वाटतं वो नंतर. चार खणांचं घर, आन् आवाज दिला तर घुमतो.”

न्हावरे मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस होता.

“आप्पा, मला दिसली प्रज्ञा.”

त्यांनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

“भोजनगृहाच्या शेवटच्या खिडकीत होती. नीट जेवत होती. तब्येत चांगली आहे, नर्स म्हणून सांगते.”

आप्पांनी मान खाली घातली आणि डोळ्यांतलं पाणी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं पुसलं. मग म्हणाले, “पन आता कुणासंगं जायचं? आळीतली समदी आईबापं दाखवून झाली. तुम्ही शेवटच्या.”

“मला एकदा बघून शाळा कळत नाही,” मी म्हटलं. “पुढच्या गुरुवारी परत जाऊ. त्याच्या पुढच्याही.”

ते माझ्याकडं बघत राहिले. काय समजायचं ते समजले असावेत. फक्त एवढंच विचारलं, आणि शिरूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारलं :

“सिस्टर, शेवटची खिडकी म्हंजी, गेटाकडनं शेवटची का टाकीकडनं?”